भोपाळमध्ये काय खावं, कुठे आणि कोणत्या वेळी

उज्जैन-ओंकारेश्वर करून परतणारी, किंवा साँची आणि भीमबेटका बघायला निघालेली महाराष्ट्रातली बरीच मंडळी भोपाळला फक्त मुक्कामापुरती थांबतात. स्टेशनजवळ खोली घेतात, खालच्याच रेस्टॉरंटात पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी मागवतात आणि सकाळी गाडीत बसतात. हाकेच्या अंतरावर इतकं चांगलं खाऊ घालणारं शहर असताना पाहुणा असा कोरडा निघून जातो, याचं मनापासून वाईट वाटतं. तुमच्या सहलीत भोपाळसाठी एक अख्खा दिवस काढा. त्या दिवसाचं खाणं कसं लावावं, हे पुढे सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. भोपाळमध्ये पदार्थाला वेळ असते. सकाळचा पदार्थ दुपारी शिळा झालेला असतो आणि रात्रीचा पदार्थ दुपारी चुलीवरही चढलेला नसतो. ‘प्रसिद्ध दुकान’ शोधत फिरण्यापेक्षा घड्याळ बघून निघालात तर साध्या टपरीवरही उत्तम खायला मिळतं.

दुसरी गोष्ट शहराच्या रचनेची. तलावांच्या एका बाजूला जुनं शहर आहे आणि दुसऱ्या बाजूला राजधानीसाठी वसवलेलं नवं शहर. भोपाळ जंक्शनला उतरलात तर जुनं शहर जवळ. राणी कमलापती स्थानकावर, म्हणजे २०२१पर्यंतच्या हबीबगंजवर उतरलात तर नवं शहर जवळ. जुन्या शहराचा स्वयंपाक पठाणी आणि नवाबी वळणाचा. अफगाण सरदार दोस्त मोहम्मद खानाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राज्य उभं केलं आणि पुढे १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी ते चालवलं. नव्या शहराचं ताट माळव्याचं, त्यात थोडं बुंदेलखंडाचं आणि थोडं आपलंही. १ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरलं आणि जुन्या राज्याच्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, कितीतरी मराठी सरकारी कुटुंबं बदली होऊन इथे आली. त्यातली पुष्कळ इथेच स्थिरावली. शहराच्या मध्यावरच्या टी. टी. नगरचं पूर्ण नाव तात्या टोपे नगर आहे, हे इथे येणाऱ्या मराठी माणसाला सांगितलं की तो जरा सावरून बसतो.

सकाळी पोहे-जिलबी. नव्या शहरात न्यू मार्केट, दहा नंबर मार्केट, बिट्टन मार्केट, कुठेही जा. जुन्या शहरातही चौकाचौकात गाड्या दिसतील. सात ते साडेनऊ ही चांगली वेळ. हे आपले कांदेपोहे नव्हेत. आपण फोडणीवर पोहे परतून वाफ आणतो. इथे फोडणी दिलेले पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या मोठ्या परातीत सतत वाफेवर असतात. त्यामुळे दाणा मऊ, सुटा आणि बिनतेलकट राहतो. फोडणीत बडीशेप असते, चवीला किंचित साखर असते. मागणी आली की पोहेवाला ढिगाच्या कडेने पोहे उचलून कागदावर घालतो, वरून बारीक कांदा, कोथिंबीर, शेव आणि चिमूटभर जीरावन भुरभुरतो आणि लिंबू पिळतो. जीरावन म्हणजे जिरं, आमचूर, काळं मीठ वगैरेचा आंबट-खारट मसाला. सगळा खेळ त्याचा आहे, तेव्हा तो पडला नसेल तर मागून घ्या. नागपूरकरांनी तर्रीची अपेक्षा ठेवू नये. तर्रीची जागा इथे बाजूच्या कढईतून निघणाऱ्या पातळ, कुरकुरीत जिलबीने घेतली आहे. पोह्याचा एक घास, जिलबीचा एक तुकडा, असंच खायचं. जिलबी शेवटी गोड म्हणून ठेवली तर थंड होते आणि पोह्यांचीही मजा जाते.

एक मात्र सांगायला हवं. पोहे, भुट्ट्याचा कीस, गराडू नावाचा कंद, साबुदाण्याची वाफेवरची खिचडी हे सगळं भोपाळमध्ये मिळतं, पण त्याचं माहेर इंदूर आणि पश्चिम माळवा. तुमच्या सहलीत इंदूर असेल तर हे तिथेच खा आणि पोटातली ती जागा इथल्या खास पदार्थांसाठी ठेवा. ‘इंदूरसारखं नाही’ ही तक्रार भोपाळमध्ये फार ऐकू येते आणि ती शहरावर अन्याय करणारी आहे.

मांसाहारी असाल आणि लवकर उठायची तयारी असेल तर पोह्यांऐवजी एक सकाळ जुन्या शहरात निहारीला द्या. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस, नळीतला मगज रश्श्यात उतरलेला, वर आल्याचे तुकडे, हिरवी मिरची आणि लिंबू. पाया, म्हणजे खुरांचा पातळसर पण चिकट रस्सा, तसाच. हिवाळ्यात हे पदार्थ खरे लागतात. उशिरा गेलात तर देगचीचा तळ दिसतो.

दुपारी दाल-बाफले. खानदेशातल्या वाचकाला वरण-बट्टी माहीत आहे, विदर्भातल्याला रोडगे माहीत आहेत. बाफला त्यांच्याच घरातला. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मोहन घालून गोळे करायचे, ते आधी हळदीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगायला लागले की काढून कोरडे करायचे आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर किंवा भट्टीत भाजायचे. राजस्थानातली बाटी सरळ भाजतात. बाफल्याला आधी उकडल्यामुळे आतून मऊपणा येतो आणि तूप शोषून घ्यायची ताकद येते. भाजलेला बाफला फोडून तुपाच्या पातेल्यात बुडवून ताटात येतो. सोबत तुरीची दाल, कढी, लसणाची लाल चटणी, कोथिंबिरीची हिरवी चटणी आणि शेवटी चुरम्याचा लाडू.

खाण्याची रीत अशी: बाफला हाताने पूर्ण कुस्करा, अगदी भुगा होईपर्यंत. मोठे तुकडे ठेवले तर दाल वरच राहते. मग मधे खळगा करून दाल ओता आणि त्यात लसणाची चटणी कालवा. वाढणारा आग्रहाने तुपाची वाटी पुढे करील, पण दोन बाफले बहुतेकांना पुरतात. तिसरा घेण्याआधी लाडू उरला आहे हे आठवा. आणि बाफले खाल्लेल्या दुपारी भीमबेटक्याचा बेत ठेवू नका. तिथे गुहांमधून पायी फिरायचं असतं. तो बेत सकाळी उरका. बाफल्यांच्या जेवणाला रविवार चांगला, कारण त्या दिवशी घरोघरी आणि खानावळीतही तोच बेत असतो आणि भट्टी सतत पेटती राहते. ओळखीचं मराठी किंवा माळवी घर असेल तर तिथलंच आमंत्रण घ्या. गोवरीच्या धुराचा वास हॉटेलच्या विजेच्या भट्टीत येत नाही.

बाफला चांगला होतो त्यामागे इथला गहू आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ‘एमपी सिहोर’ म्हणून जो महाग गहू आपण निवडून घेतो, तो सिहोर जिल्हा भोपाळला लागूनच आहे. तिथल्या काळ्या जमिनीतल्या शरबती गव्हाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शरबतीची पोळी जेवणाअखेर गार झाली तरी मऊ राहते. त्यामुळे दुपारी साधी थाळी घेतलीत तरी पहिली पोळी नुसती, भाजीशिवाय, तोडून बघा.

ऊन फार असेल तर दुपारी जड जेवण टाळा. राज्याच्या दूध महासंघाच्या ‘साँची’ नावाच्या टपऱ्या शहरभर आहेत. तिथला मठ्ठा आणि पेढा भरवशाचा असतो. दोन घटका बसून काही हलकं खायचं असेल तर न्यू मार्केटमधलं इंडियन कॉफी हाउस आहे. कामगारांच्या सहकारी संस्थेचं, फेटेवाल्या वाढप्यांचं. तिथली कॉफी आणि डोसा भोपाळी नाही हे खरं, पण तिथे बसणारे भोपाळी आहेत आणि त्यांच्या गप्पा ऐकायला मिळतात.

आता संध्याकाळ. भोपाळचं स्वतःचं खाणं खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं. सूर्य कलला की जुन्या शहरात चला. स्वतःची गाडी नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच भूक मरते. रिक्षा करून सदर मंझिल किंवा मोती मशिदीपाशी उतरा आणि तिथून इब्राहिमपुऱ्यातून चौकाकडे, जामा मशिदीकडे पायी चला. मोती मशीद सिकंदर बेगमची आणि चौकातली जामा मशीद तिच्या आईची, कुदसिया बेगमची. या दोन मशिदींच्या मधल्या भागात तुम्हाला हवं ते जवळजवळ सगळं मिळतं.

सुरुवात चहाने करा. भोपाळचा सुलेमानी चहा मुंबईत किंवा आखातात ‘सुलेमानी’ म्हणून मिळणाऱ्या बिनदुधाच्या लिंबू-चहासारखा नाही. हा दुधाचा आहे, दाट आहे, गोड आहे आणि त्यात मीठ आहे. जुन्या टपऱ्यांवर चहाचं पाणी वेगळं आणि दूध वेगळं उकळत असतं. चहाचं पाणी मोठ्या भांड्यात तासन्‌तास मंद आचेवर मुरत राहतं, मीठ त्यातच पडलेलं असतं. काही ठिकाणी अजून मधोमध निखाऱ्यांची नळी असलेला समोवार आहे. गिऱ्हाईक आलं की कपात आधी साखर, मग दूध, मग वरून काळपट-लाल चहाची धार, आणि मागितली तर चमचाभर साय. पहिल्या घोटाला जीभ गोंधळते, गोड आधी कळतं आणि मीठ मागून येतं. दुसऱ्या घोटापासून ते मीठ दुधाचा आणि साखरेचा मठ्ठपणा कापतं, हे लक्षात येतं. म्हणून एकाच घोटावर मत बनवू नका, कप संपवा. सोबत बन किंवा समोसा घ्या. जुन्या शहरातला राजू टी स्टॉल यासाठी प्रसिद्ध आहे, पण खरं सांगायचं तर पीर गेट आणि इब्राहिमपुऱ्याच्या आसपास ज्या टपरीवर म्हातारी माणसं भोपाळी बोलीत एकमेकांना ‘को खां’ करत तासभर बसलेली दिसतील, तिथला चहा बहुधा चुकत नाही. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य आहे त्यांनी ‘बिना नमक’ सांगावं. साधा चहाही मिळतो.

इब्राहिमपुऱ्यात चटोरी गली आहे. अंधार पडल्यावर तिथे शेगड्या पेटतात. सळीवरचे सीख कबाब, तव्यावरचे शामी, बनमध्ये घालून दिलेले कबाब, पायाचं सूप, बिर्याणी, शेवटी शाही टुकडा, असा सगळा मेळा असतो. एका ठिकाणी पोट भरू नका. दोघांत एक प्लेट घ्या, चाखा, पुढे सरका. सीख कबाबाची परीक्षा सोपी आहे: सळीवरून काढताना तो अखंड उतरायला हवा आणि तोंडात मात्र दाताशिवाय मोडायला हवा. कबाब आधीच भाजून रचून ठेवले असतील तर पुढच्या शेगडीकडे जा.

इथे एक प्रश्न न लाजता विचारायचा: ‘मटन का है या बड़े का?’ बकऱ्याचं मांस ‘छोटे का’ आणि म्हशीचं ‘बड़े का’. दोन्हींचे कबाब विकले जातात, स्वस्त ते बहुधा मोठ्याचे असतात, आणि विक्रेता सरळ उत्तर देतो. आपल्याला काय चालतं हे आपण ठरवावं, मात्र आधी विचारून. खाऊन झाल्यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही.

कबाबांवरच थांबणाऱ्यांना भोपाळचा रिझाला चुकतो, आणि तो चुकणं हे मोठं नुकसान आहे. कोलकात्याचा रेझाला पांढरा, खसखस-काजूचा. भोपाळचा हिरवट. कोंबडी किंवा मटण दह्यात मुरवायचं, त्यात भरपूर कोथिंबीर आणि हिरवी मिरची, शेवटी मलई. लाल तिखट जवळजवळ नाहीच. तिखटपणा हिरव्या मिरचीचा असल्याने तो जिभेवर झटकन येतो आणि झटकन जातो, मागे दह्याचा आंबूसपणा आणि कोथिंबिरीचा वास राहतो. मराठी घरातल्या हिरव्या वाटणाच्या रश्श्याची सवय असलेल्याला हा चटकन आपला वाटेल, पण यात खोबरं नाही. रुमाली किंवा तंदुरी रोटीशी खा. भाताशी तो पातळ पडतो. फिलफोरा हा दुसरा खास पदार्थ. हाताने जाडसर कापलेलं मांस, हिरवी मिरची आणि मोजके मसाले मोठ्या आचेवर भराभर परतून केलेला, कोरडा, रस्सा नसलेला. तो गरम असतानाच खायचा. दोन्ही पदार्थ गाड्यांवर सहसा नसतात. जुन्या शहरातल्या बसून जेवायच्या हॉटेलांत विचारा. जमील हे त्यातलं जुनं नाव. भोपाळी गोश्त कोरमाही तिथेच मिळेल, वर तेलाचा तवंग असलेला. तो मात्र लग्नाच्या दावतीत मिळाला तर देवाची कृपा समजा, कारण देगेत शेरांनी शिजलेल्या कोरम्याची चव प्लेटीपुरत्या केलेल्या कोरम्याला येत नाही.

शाकाहारी मंडळींनी हे सगळं वाचून जुन्या शहराकडे पाठ फिरवू नये. चौकात, सराफ्याच्या बाजूला, मिठाई आणि चाटची पूर्ण शाकाहारी दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुगाच्या डाळीची कचोरी, रबडी, इमरती आणि मावाबाटी तिथे खा. मावाबाटी दिसायला मोठ्या गुलाबजामसारखी, पण आत सुक्या मेव्याचं सारण असतं आणि एक खाल्ली की दुसरीचं नाव निघत नाही. अर्धी अर्धी करून घ्या. ज्यांना मांसाच्या वासाचा त्रास होतो त्यांनी चटोरी गली टाळून थेट चौकात उतरावं. नव्या शहरात दहा नंबर मार्केटला संध्याकाळी चाटच्या गाड्या लागतात, आणि मिठाई-नमकीनसाठी मनोहर डेअरी हे घरातल्या सगळ्या वयाच्या माणसांना चालणारं ठिकाण आहे.

जेवणानंतर पान. भोपाळची ओळख सांगताना जुने लोक जर्दा, पर्दा आणि गर्दा ही त्रयी सांगत. त्यातला पहिला जर्दा, म्हणजे तंबाखू, पानाच्या दुकानावर आजही मुबलक आहे. म्हणून पान मागताना ‘मीठा, बिना तंबाकू’ असं स्पष्ट सांगा आणि मुलांसाठी घेत असाल तर विड्यात काय घातलं जातंय ते उभं राहून बघा.

ऋतूचंही बघायला हवं. पावसाळा सरला की बाजारात शिंगाडे येतात. आपल्याला उपवासाचं शिंगाड्याचं पीठ माहीत असतं. इथे तळ्यांतून काढलेले ताजे हिरवे शिंगाडे कच्चे खातात, आणि उकडलेले काळ्या सालीचे मीठ लावून. कच्चा शिंगाडा नीट धुऊन, सोलूनच खावा. थंडीत ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, गराडूचे तळलेले तुकडे आणि मुरैनाकडची गजक. पावसात बोट क्लबवर तलावाकडे तोंड करून भाजलेलं कणीस. चव तीच, पण समोर राजा भोजाने अकराव्या शतकात बांधवलेला एवढा मोठा तलाव दुसरीकडे मिळत नाही.

रमजानच्या महिन्यात आलात तर दिवसा जुन्या शहरातली बरीचशी हॉटेलं बंद दिसतील, पण इफ्तारनंतर रात्र उजाडते. तेव्हा दुपारचं जेवण नव्या शहरात उरकून रात्री उशिरा चौकाकडे जा. हिवाळ्यात शहराबाहेर ईंटखेडीला तबलिगी इज्तिमा, म्हणजे मुस्लिमांचा धार्मिक मेळावा, भरतो, लाखोंनी माणसं येतात, गाड्यांची आणि खोल्यांची टंचाई होते. तारखा बघून आरक्षण करा.

पोटाची काळजी घ्यायची तर नियम दोनच: समोर गरम झालेलं खा आणि कापून ठेवलेला कांदा-मुळा व पातळ चटण्या जपून. लहान मुलं बरोबर असतील तर रिझाल्याऐवजी शीरमाल आणि शाही टुकडा त्यांना आवडतो. शीरमाल ही दुधात मळलेली गोडसर रोटी. ती नुसतीही खाता येते.

घरी न्यायला काय? मावाबाटी आणि रबडी नेऊ नका, मुंबईपर्यंतच्या प्रवासात मावा खराब होतो. जीरावनचं पाकीट, रतलामी शेव आणि थंडीत गजक न्या. जागा असेल तर शरबती गव्हाचं पाच किलो पीठ घ्या, पण ते ताजं दळून देणाऱ्या चक्कीवरूनच, आणि घेताना कोंड्यासकट जाडसर दळायला सांगा, म्हणजे घरी बाफले करता येतील. उकडताना पाण्यात हळद आणि थोडं मीठ घाला, बाफले वर आल्यावर आणखी पाच मिनिटं राहू द्या, पूर्ण निथळून मगच ओव्हनमध्ये ठेवा. ओले ठेवले तर वरून कडक आणि आतून कच्चे राहतात.